राखणदाराची साक्ष

चाळणीवर चोरीचा आळ आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चाळण म्हणजे स्वयंपाकघरातली नव्हे. चाळण हे मी लिहिलेल्या प्रोग्रॅमचं नाव. तिचा मुक्काम जळकोटला हायवेच्या कडेला, माझ्या मामांच्या फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात, तिथल्या एकुलत्या एक कंप्युटरमध्ये. मी मूळची ईट गावची. कॉलेज संपवून घरी बसले होते, तेव्हा शांतलिंगमामा स्वतः येऊन मला घेऊन गेले. पोरीला कंप्युटर येतो, तर तो आपल्याच दुकानात का चालू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मामा माणूस लाख मोलाचा, फक्त कंप्युटरला घाबरतो. घाबरतो म्हणजे लांब पळतो असं नाही. पडद्यावर कसलाही प्रश्न आला की न वाचता ‘हो’ दाबून मोकळा होतो. नाही म्हटलं की मशीन रुसतं, अशी त्यांची पक्की समजूत आहे. एकदा मी शेजारी उभी असताना त्यांनी एकापाठोपाठ इतके ‘हो’ दाबले, की ब्राउझरची भाषा बदलून फ्रेंच झाली. त्यानंतर ते दोन दिवस फ्रेंचमध्येच दुकान चालवत होते, आणि मला सांगायचीही त्यांना गरज वाटली नाही.

आणखी एक सांगायला हवं. फ्लेक्सच्या मशीनवर काम चढवलं की ते छापून होईपर्यंत मामांना काही काम नसतं. अशा वेळी ते कंप्युटरवर पत्ते खेळतात. गिऱ्हाईक आत आलं की पत्ते बंद, चष्मा नाकावर, आणि चेहरा असा की जणू जिल्ह्याचं बजेट हेच तयार करतायत. हे सगळ्या जळकोटला ठाऊक आहे. कुणालाच ठाऊक नाही, असं फक्त मामांना वाटतं.

तर चाळण. दुकानातला वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पडलेला. तो मोबाईलवर पाठवला, की ‘चि. सौ. कां.’च्या जागी कोंबडी नाचून गेल्यासारखी अक्षरं दिसायची. लोक चिडायचे. मग मी चाळण लिहिली. कामाच्या फोल्डरमध्ये जरा कुठं हालचाल झाली, एखादी फाईल आली, गेली किंवा बदलली, की चाळण जागी होते, सगळ्या फोल्डरवर नजर फिरवते, जुन्या फॉन्टचं काही सापडलं तर त्याची मोबाईलवर वाचता येईल अशी प्रत करून ठेवते आणि पुन्हा झोपते. मूळ फाईलला ती हात लावत नाही. हे वाक्य मी पुढच्या काही दिवसांत इतक्या वेळा म्हटलं, की मलाच त्याचा कंटाळा आला.

चाळणीची कीर्ती तुळजापुरापर्यंत गेली. तिथल्या छापखान्याच्या भाग्यश्रीताईंकडे जुन्या फॉन्टचा डोंगर साचलेला. त्या शनिवारी चाळण बघायला येणार होत्या. पसंत पडली तर त्यांच्या सगळ्या मशीनवर ती बसणार होती. आजवर मी जे काही केलं ते ‘शांतलिंगची भाची करते’ या नावाखाली गेलं. हे पहिलं काम माझ्या नावावर जाणार होतं. मी ईटला आईला फोन करून सांगितलंसुद्धा होतं, आणि आईला सांगितलं म्हणजे ते सगळ्या ईटला सांगितल्यासारखंच असतं.

नेमक्या त्याच आठवड्यात फायली नाहीशा व्हायला लागल्या. आधी बलभीमआप्पांच्या गृहप्रवेशाचा बॅनर गेला. आप्पांना गावच्या वेशीसाठी तोच आणखी एक हवा होता, आणि मामा उघडायला गेले तर फाईलच नाही. मग कृष्णराज नावाच्या नवरदेवाचा फ्लेक्स गेला. मामांनी आधी लाईटला दोष दिला, मग उंदरांना. उंदीर फाईल खात नाहीत हे पटल्यावर ते माझ्याकडे बघायला लागले.

यात उडी घेतली उत्कर्षदादानं. हा मथुरामामींचा भाचा. पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, आणि सध्या घरून काम म्हणून आत्याकडे मुक्कामाला आहे. तो कामाची मीटिंग चालू असताना भाकरी खातो आणि कॅमेऱ्याला मात्र बिघडलाय म्हणून सांगतो. त्यानं एका दुपारी एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं राखणदार. फोल्डरमधली फाईल कुणी काढली की ऑपरेटिंग सिस्टीम राखणदाराला खबर देणार. खबर म्हणजे कुठली फाईल, केव्हा गेली, आणि काढणाऱ्या प्रोग्रॅमचा नंबर. कंप्युटरमध्ये जो जो प्रोग्रॅम उठतो त्याला एक नंबर मिळतो. राखणदारानं खबरा साठवायच्या आणि जरा सवडीनं सिस्टीमला विचारायचं, की बाई, हा नंबर कुणाचा? मिळालं ते नाव लिहून ठेवायचं. मशीन जुनं, त्याच्यावर ताण नको, म्हणून ही सवड. ही सवड उत्कर्षदादानं मोठ्या कौतुकानं समजावून सांगितली होती.

दुसऱ्याच दिवशी आणखी एक बॅनर गेला. राखणदारानं नाव लिहिलं: चाळण. पुन्हा एक गेला. पुन्हा चाळण.

मी उत्कर्षदादाला चाळणीची ओळ न् ओळ उघडून दाखवली. यात फाईल काढून टाकायची एक तरी आज्ञा दाखव, म्हटलं. त्यानं चष्मा पुसून सगळं वाचलं. एकही सापडली नाही. तरी म्हणाला, की कोडमध्ये काय दिसतं यापेक्षा चालताना काय घडतं ते महत्त्वाचं, आणि नोंद काही खोटं बोलत नाही. हे तो अशा आवाजात म्हणाला की त्याच्या डोक्यावर राखणदार आपटावा असं मला वाटलं. पण राखणदाराला वजन नसतं.

मामांना मी कळवळून सांगितलं, की माझ्यावर भरवसा ठेवा. मामा खाली बघत म्हणाले, “अगं, म्या कुठं काय म्हणतोय? ह्यो कंप्युटर म्हणतोय. तो काय माझा सोयरा हाय का पाव्हणा? त्याला कशाला कुणाची बाजू घ्यायची?”

आणि त्यांनी चाळण बंद करायला लावली. तेवढ्यावर थांबले असते तर मी गिळलं असतं. पण त्यांनी भाग्यश्रीताईंना फोन लावला आणि सांगितलं, की तूर्त येऊ नका, पोरीच्या प्रोग्रॅममध्ये खोड निघालीय, तो फायली खातोय. मी तिथंच उभी होते. मला रडू आलं. रागानं आलं की दुःखानं, ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी आली असावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलेच नाही. मामींना वाटलं तब्येत बरी नाही, म्हणून त्यांनी माझ्यावर सोपा उपाय केला. भाकऱ्या करायला बसवलं. पण भाकरी थापता थापताच तुटायला लागली. पीठ चिमटीत धरून मामी म्हणाल्या, की ही आपली ज्वारी नव्हेच, यात मका आहे. दळण त्यांनी कालच गिरणीतून आणलं होतं. आपल्या डब्यात कुणीतरी हात मारला आणि मका घालून भरती केली, असा निकाल त्यांनी परातीपाशीच दिला. मग डबा माझ्या डोक्यावर दिला आणि आमची वरात गिरणीकडे निघाली.

आमच्या गिरणीत नंबराची पद्धत आहे. डबा ठेवला की गिरणीवाला खिळ्यावरचा पत्र्याचा एक बिल्ला हातात देतो, त्याच नंबराची चिठ्ठी डब्याला लावतो. दळण घेऊन जाताना बिल्ला परत खिळ्यावर. मामींना पक्कं आठवत होतं, की काल त्यांच्या आधी सात नंबरचं दळण पडलं होतं आणि सात नंबरचा डबा त्यांच्या डब्याला खेटून होता. त्यामुळे गिरणीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी खड्या आवाजात विचारलं, की सात नंबर कुणाचा.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईनं भाबडेपणानं बिल्ला वर केला. ही ज्ञानेश्वरी, आमच्या दवाखान्यात नव्यानं आलेली नर्स. तिचं नाव कळायच्या आत मामींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. दुसऱ्याच्या ज्वारीवर डोळा ठेवणाऱ्या बायका, त्यांचे संस्कार, त्यांचं माहेर, सगळं निघालं. गिरणीच्या आवाजावर मात करून ते हायवेपर्यंत ऐकू गेलं असणार. ज्ञानेश्वरीनं तेवढ्यात आपल्या डब्याचं झाकण काढून ठेवलं. मामी दम घ्यायला थांबल्या तेव्हा ती म्हणाली, “मावशी, माझा डबा बघा. गहू तसाच आहे, अजून दळायचाय. हा बिल्ला मी आत्ता, तुम्ही यायच्या जरा आधी घेतला. काल मी जळकोटात नव्हतेच.”

मामींनी डबा बघितला. गहूच होता. गिरणीवाल्यानं कानावरची पेन्सिल काढून सांगितलं, की कालचा सात नंबर एका म्हाताऱ्याचा होता, तो जनावरांसाठी मका भरडून कधीच गावाकडं गेला. त्याच्या मागोमाग आपली ज्वारी पडली, जात्यात राहिलेला मका तिच्यात उतरला. चोरी कुणीच केली नव्हती. मामी डबा न घेताच घराकडे वळल्या. त्यांचं बीपी दर आठवड्याला हीच नर्स मोजणार होती, हे त्यांच्या वाटेतच लक्षात आलं, आणि त्या हायवेच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, की आता मी दवाखान्यात कोणत्या तोंडानं जाऊ.

मला हसू आवरेना. पोट धरून हसत मी डबा आवरला. पुढं घडलं ते घडलं नसतं तर हे हसू तिथंच संपलं असतं.

दुपारी मी दुकानात पोचले, तर उत्कर्षदादा कंप्युटरसमोर बसलेला, चेहरा पार उतरलेला. मामा शेजारी उभे. चाळण बंद असूनही सकाळी एक बॅनर गेला होता. राखणदाराची नोंद पडद्यावर होती आणि उत्कर्षदादा ती हातानं झाकायचा प्रयत्न करत होता. मी त्याचा हात बाजूला केला. फाईल काढणारा प्रोग्रॅम: पत्ते.

दुकानात सकाळी मामांखेरीज कुणी नव्हतं. उत्कर्षदादा आत्याच्या नवऱ्याला काय म्हणणार, बिचारा छताकडे बघत बसला. मामांचे कान लाल झाले. पत्ते कुणी उघडले होते, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मामाच एकदम उसळून म्हणाले, “पत्ते कशाला फाईल खातील? म्या निसता बसलो हुतो. पत्त्यांचा आन् बॅनरचा काय संबंध? कायतरी चुकतंय तुझ्या राखणदाराचं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या चाळणीला दोन नोंदींवर चोर ठरवून गावभर बोभाटा केला, आणि पत्त्यांना मात्र लगेच वकील मिळाला. मी म्हटलं, “मामा, कंप्युटर काय तुमचा सोयरा आहे का? त्याला कशाला कुणाची बाजू घ्यायची?” मामांनी माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसले.

हे बोलून मला फार बरं वाटलं. आणि बरं वाटत असतानाच मला सकाळची ज्ञानेश्वरी दिसली, हातात सात नंबरचा बिल्ला वर धरलेली.

मी उत्कर्षदादाला विचारलं, की प्रोग्रॅमचं काम संपलं की त्याच्या नंबराचं काय होतं. तो उत्तर द्यायला लागला आणि निम्म्यावर थांबला. त्याला माहीत नव्हतं असं नाही. नंबर परत जातो आणि पुढं जो उठेल त्याला मिळू शकतो, हे पहिल्याच वर्षात शिकवतात. राखणदार लिहिताना त्याला ते आठवलं नव्हतं, एवढंच. आणि खरं तर मलाही आठवलं नव्हतं, नाहीतर मी माझ्या कोडच्या ओळी दाखवत बसले नसते.

मी म्हटलं, “तुझा राखणदार सात नंबरनं चोरी केली ही खबर ऐकतो, मग सवडीनं गिरणीत जातो आणि विचारतो, सात नंबर कुणाचा. तोवर चोर बिल्ला ठेवून गेलेला. जो बिचारा आत्ता आलाय, तो हात वर करतो.”

गिरणीचा किस्सा दोघांनाही ठाऊक नव्हता. तो सांगावा लागला, आणि सांगताना मामींचे संवादही म्हणून दाखवावे लागले. मामा हसू दाबत होते. मग मी उत्कर्षदादाला एकच गोष्ट काढायला सांगितली. पत्ते सकाळी सुरू केव्हा झाले? मामांनी पत्ते बंदच केले नव्हते, नुसते खाली दडवून ठेवले होते, त्यामुळे ती वेळ सिस्टीमकडे होतीच. त्यानं काढली. फाईल आधी गेली होती. पत्ते त्यानंतर उघडले होते, अगदी थोड्याच वेळानं, पण नंतरच. फाईल गेली तेव्हा पत्त्यांचा जन्मच झाला नव्हता.

“म्हंजे पत्ते सुटले,” मामा म्हणाले.

“पत्ते सुटले,” मी म्हटलं, “आणि चाळण?”

चाळणीची गोष्ट तर आणखी वाईट होती. फोल्डरमध्ये हालचाल झाली की ती जागी होते, आणि फाईल जाणं हीसुद्धा हालचालच. म्हणजे चोर फाईल काढून पळायचा, त्याचा नंबर मोकळा व्हायचा, आणि त्याच चोरीच्या आवाजानं उठलेल्या माझ्या चाळणीला तो नंबर मिळायचा. शेजारी ओरडा झाला म्हणून कंदील घेऊन धावत यावं आणि आपल्यालाच पकडावं, तसं तिचं झालं होतं. मला तिची खरोखर दया आली. प्रोग्रॅमची दया येते यावर उत्कर्षदादा हसला नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

उत्कर्षदादानं राखणदार दुरुस्त केला. आता नुसता नंबर नाही, नंबर आणि त्याची जन्मवेळ, दोन्ही जोडीनं. आणि चोर पळाल्यावर चौकशी नको, म्हणून जो प्रोग्रॅम उठेल त्याचं नाव, नंबर, जन्मवेळ दारातच टिपून घ्यायची. खबर आली की त्या घटकेला तो नंबर कुणाच्या हातात होता, ते आपल्याच टिपणात बघायचं. हे लिहिताना तो दोनदा माझ्याकडे वळून “बरोबर ना?” म्हणाला. पुण्याच्या माणसानं ईटच्या पोरीला असं विचारणं मी मनापासून ऐकून घेतलं.

मग आम्ही खऱ्या चोराची वाट बघितली. फार बघावी लागली नाही. मामांनी मशीनवर नवीन काम चढवलं आणि सकाळी छापलेली फाईल गेली. राखणदारानं या वेळी जे नाव लिहिलं ते आम्ही तिघांनीही कधी ऐकलं नव्हतं. शोधलं तर ते फ्लेक्स मशीनच्या सोबत आलेलं एक इवलंसं साफसफाईचं कारटं निघालं. पुढचं काम चढलं की हळूच उठायचं, मागचं छापून झालेलं काम पुसायचं आणि क्षणात मरून जायचं. पण हे आपणहून चालू होत नाही. मशीन आधी विचारतं, की जागा संपत आलीय, छापून झालेल्या फायली आपोआप काढून टाकू का?

आम्ही दोघांनी एकाच वेळी मामांकडे बघितलं. मामा बॅनरची गुंडाळी उगाचच पुन्हा गुंडाळायला लागले.

तेवढ्यात मामी आल्या, हातात रिकामं भांडं. घरी जाऊन त्यांनी हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, केली होती आणि ती घेऊन थेट ज्ञानेश्वरीच्या दारात गेल्या होत्या. तिनं हुग्गी खाल्ली, मामींना बसवलं आणि निघताना बीपीही मोजलं. आम्ही काय सापडलं ते सांगितलं. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि मामांना म्हणाल्या, “मी परक्या बाईच्या दारात जाऊन मान खाली घालून आले. तुमी घरच्या पोरीला चोर ठरवून बसलाव. फोन तुमीच लावला हुता न्हवं?”

मामांनी फोन घेतला. माझ्यासमोर, स्पीकर चालू करून. भाग्यश्रीताईंना म्हणाले, की शनिवारी या, चाळण निर्दोष आहे. पलीकडून ताईंनी साहजिकच विचारलं, की मग फायली खात कोण होतं.

मामांनी चष्मा नाकावरून काढला. मशीनबिशीन, काहीही सांगता आलं असतं. मला तर वाटलं, पुन्हा उंदरांवर जातात की काय.

“म्याच,” मामा म्हणाले. “मशीननं इचारलं, पुसू का. म्या न वाचता व्हय म्हणलं. आन् खापर फोडलं पोरीवर. तिनंच चुकी शोधून दावली. तुमी या, ताई. तिचं काम लई चोख हाय.”

मी बाहेर जाऊन हायवेकडे तोंड करून उभी राहिले. ट्रक जात होते, धूळ उडत होती, त्यामुळे डोळ्यांचं कारण कुणाला विचारायची गरज पडली नाही. मामांनी असं सगळ्यांसमोर म्हणावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते मिळाल्यावर काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

आत आले तेव्हा उत्कर्षदादा चाळण पुन्हा चालू करत होता. मामा मशीनपाशी होते. पडद्यावर कसलीशी चौकट उघडली होती, खाली ‘हो’ आणि ‘नाही’. मामांचं बोट सवयीनं ‘हो’वर गेलं आणि तिथंच हवेत थांबलं.

“अर्पिता,” ते म्हणाले, “हे काय इचारतंय, जरा बघ की गं.”